बॉनेटवरचा पंजा

दादा,

बाबा गेल्यावर आज पहिल्यांदाच त्यांच्या गाडीला पॉलिश केलं. उद्याच्या प्रदर्शनासाठी काळा रंग आरशासारखा चमकतोय, पण बॉनेटवर एक पंजा उमटलाय. कितीही घासून पुसला, तरी पॉलिश वाळलं की पुन्हा वर येतो. मधलं बोट अर्धंच आहे, बाबांचं होतं तसं.

आईला सांगणार नव्हते, पण तिने पाहिलंच. त्यावर हात ठेवून बसलीये, जेवायलाही उठत नाही. म्हणते, "अगं, हात गरम आहे त्यांचा." तिची समजूत काढायला मीही हात ठेवला. दादा, गरमच होता. आणि त्याने माझी बोटं हलकेच दाबली.

आई काही केल्या ऐकेना, म्हणून मावशीला आणायला चाललेय. आलास की आईजवळ बस. गाडीला मात्र हात लावू नकोस.

छोटी