यंदाचा हंगाम तुझ्या गावात

प्रिय सेराफिन,

अकरा वर्षांनी माझं अक्षर बघून तू आधी पाकीट उलटसुलट केलं असशील, आणि मग बायकोच्या नजरेआड जाऊन फोडलं असशील. खुशाल तिच्यासमोर वाच. हे प्रेमपत्र नाही. 'प्रिय' लिहिलंय ते शाळेत तसं शिकवलं म्हणून.

आठवतं का, दर शरद ऋतूत आपण तिघं आमच्या स्वयंपाकघरात बसून स्कीच्या हंगामात कुठल्या गावी काम धरायचं ते ठरवायचो? तू, मी आणि माझा भाऊ कासिअन. आई डंपलिंग उकडायची आणि आपण मालकांच्या चिठ्ठ्या टेबलावर पसरायचो. खोलीला खिडकी आहे का, बूट वाळवायला जागा आहे का, मालक चिडका आहे का, हे तुझे तीन प्रश्न. कासिअनचा एकच असायचा, "तिथे बर्फ कोण बघतं?" तू हसायचास. "अरे, तू लग्नाची मुलगी बघायला गेलास तरी आधी तिच्या छपरावरचा बर्फ बघशील," म्हणायचास. तोही हसायचा. तुझ्या कुठल्याही विनोदाला तो हसायचा.

यंदा मी एकटीच बसले होते. नोव्हेंबरातल्या सेंट मार्टिनच्या सणापर्यंत शब्द द्यावा लागतो, आणि एकदा हातात हात दिला की मग घर पडलं तरी माघार नाही, हे तुला सांगायला नको. तीन ठिकाणांहून बोलावणं होतं. पहिलं स्वित्झर्लंडमधल्या एंगाडिनचं. दक्षिणेची खोली, स्वतःची न्हाणी, पगार असा की मी चिठ्ठी दोनदा वाचली. दुसरं साल्झबुर्गकडचं एक छोटंसं गाव, शाळकरी पोरांना स्की शिकवायचं, सौम्य उतार. माझा डावा गुडघा तिथल्या मालकाचे पाय धरायला तयार होता. तिसरं कुठलं, ते सांगते. आधी दुसरं थोडं बोलायचंय.

कासिअन तुझ्या गावच्या, गाम्सबाखच्या बर्फसमितीचा प्रमुख होता तेव्हा रोज पहाटे रोसकारच्या उतारावर जायचा, छातीइतका खड्डा खणायचा, आणि बर्फाच्या खांबावर फावडं आडवं ठेवून त्यावर थापा मारायचा. कितव्या थापेला कुठला थर सरकतो ते बघायचा. मग वरच्या खोपटातल्या वहीत लिहायचा, उतार उघडा की बंद. वर पेनातली शाई गोठते म्हणून सगळे पेन्सिलीनेच लिहायचे. तो सुताराच्या जाड पेन्सिलीने लिहायचा, इतकं दाबून की आई म्हणायची, "वही लिहितोयस की नांगरतोयस?" लिहून तो खाली यायचा. मग स्कीवाल्यांना वर नेणाऱ्या लिफ्टचा व्यवस्थापक म्हणून तू वही बघायचास आणि त्याप्रमाणे खुर्च्या सोडायचास.

अकरा वर्षांपूर्वीची तीन फेब्रुवारी. कार्निव्हलचा आठवडा, लिफ्टपाशी चर्चपर्यंत रांग. वहीत लिहिलं होतं, 'रोसकार उघडा', खाली त्याच्या सहीचा 'का'. साडेअकराला उतारावरचा अख्खा बर्फ खाली आला. हॉलंडचा एक शाळामास्तर त्याखाली गेला. त्याच्या दोन मुली खाली गरम चॉकलेटचे पेले धरून त्याची वाट बघत होत्या. तिसरा पेला टेबलावर होता.

कासिअन म्हणत राहिला, मी 'बंद' लिहिलं होतं. पोलिसांनी त्या दिवसाचं पान बघितलं, फोटो काढला, वही परत दिली. आणि तू सगळ्या गावासमोर त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालास, "माझा दोस्त आहे, जिवाचा दोस्त आहे. पण वहीत आहे ते आहे." तो हात मला अजून दिसतो.

आता माझं सांगते, ते लपवण्यात अर्थ नाही. मी तुझ्यावर विश्वास ठेवला. सख्ख्या भावावर नाही, तुझ्यावर. मला वाटलं, थकला असेल, चूक झाली असेल आणि आता कबूल करवत नसेल. मी त्याला एकदाही विचारलं नाही. पुढे महिन्याभरात तू आपला साखरपुडा मोडलास. "बुर्गी, गाव काय म्हणेल? लिफ्टवर माझं कसं चालेल?" असं म्हणत माझ्या टेबलाशी बसून रडलास, आणि मी मूर्खासारखी तुझी पाठ थोपटत होते. आज ते आठवलं की त्या टेबलाशी जाऊन दोघांच्याही थोबाडीत द्यावीशी वाटते.

कासिअन इन्सब्रुकजवळ एका कारखान्यात खिडक्यांच्या चौकटींवर रंधा मारतो. अकरा वर्षांत त्याने पायात स्की घातली नाही. बर्फ पडायला लागला की पडदे ओढून घेतो. माणूस तोच आहे, आवाज मात्र अर्धा झालाय. कारखान्यातली माणसं त्याला मुका समजतात.

मे महिन्यात तुम्ही वरचं जुनं खोपट पाडलंत. वह्या शेगडीत घालायला काढल्या होत्या. झाडलोट करणाऱ्या आफ्रामावशीने त्यातली एक ॲप्रनखाली लपवून माझ्याकडे आणली. "पोरी, तुझ्या भावाच्या हातचं आहे. जाळायला माझा हात होईना." मी तीन तारखेचं पान काढलं. 'उघडा'. नेहमीसारखी मान खाली गेली. मग पान उलटलं. चार तारखेचं पान कोरं होतं, कारण त्या दिवशी वर कुणी गेलंच नव्हतं. कोऱ्या पानावर हात फिरवला तर बोटाला खड्डे लागले.

पेन्सिल आडवी धरून हलकेच घासली. पांढरी अक्षरं वर आली. 'रोसकार बंद. रात्रभर वारा. हातभर खाली साखरेसारखा सुटा बर्फ, तिसऱ्या थापेला सरकतो. बंद.' दोनदा लिहिलं होतं त्याने, सेराफिन. तू वरचं पान स्वच्छ खोडलंस, त्याचा 'का' पण छान गिरवलास. पण तो लिहीत नव्हता, नांगरत होता, हे विसरलास. तेवढी रांग बघून तुझा जीव कळवळला असेल. कुणासाठी, ते मला माहीत आहे. त्याच वसंतात तुझा पगार वाढला.

वही घेऊन मी कासिअनकडे गेले. त्याने पान बघितलं, थोडा वेळ रंधा मारला, आणि म्हणाला, "तू तेव्हा मला विचारलंसुद्धा नाहीस." एवढंच. त्या भुशात बसून मी रडले. त्यानेच मला पाणी आणून दिलं.

तर तिसरं बोलावणं गाम्सबाखचं. गावप्रमुख रोझविताबाई स्वतः आल्या होत्या. कासिअननंतर गावातलं कुणी बर्फसमितीची जबाबदारी घेत नाही, आणि बाहेरचे एका हंगामात पळतात. बाई मोकळेपणाने म्हणाल्या, "पगार बेताचा, खोली उत्तरेची. आणि आमचा सेराफिन सकाळी सकाळी जरा कुरकुर करतो. सांभाळून घ्याल ना?" मी म्हटलं, घेईन की. मी हात असा दाबला की बाई जिना उतरेपर्यंत बोटं चोळत होत्या.

त्या अपघातानंतरचे नियम तूच पाठ करून घेतले आहेस. वहीत दोन सह्या, समितीप्रमुखाची आणि जोडीदाराची, दोन्ही शाईच्या. सह्या होईपर्यंत व्यवस्थापकाने स्वतः वहीपाशी उभं राहायचं, आणि खणून आलेल्यांना कॉफी त्यानेच ओतायची, ही तर आपल्याकडची जुनी रीत. खणायला जोडीदार कोण घ्यायचा, ते समितीप्रमुख ठरवतो. म्हणजे यंदा मी ठरवते. पेन मी काखेत धरून गरम ठेवीन.

खोटं कशाला बोलू, नाताळच्या आठवड्यात सगळे उतार बंद ठेवून तुझी रांग रडवावी, असं मनात आलं होतं. चार दिवस त्या विचारावर मी मस्त जेवले. पण नाही. बर्फ धड असेल तिथे 'उघडा', नसेल तिथे 'बंद', एकही दिवस इकडचा तिकडे होणार नाही. वहीत खोटं लिहिणं तुझं काम.

हे सगळं आधीच का कळवतेय? मला बघून ऐन वेळी तुझी पाठ धरू नये आणि तू रजेवर जाऊ नयेस म्हणून. गेलास तर त्याच दिवशी ती दोन पानं चर्चच्या सूचनाफलकावर लागतील. राहिलास तर आठ डिसेंबरपासून ईस्टरच्या सोमवारपर्यंत जवळजवळ एकशेवीस सकाळी आहेत. पुरावा असताना मी एवढी थांबते का, असं कुणीही विचारेल. अकरा हिवाळे त्याने मान खाली घातली, एक हिवाळा तू घाल, म्हणून. शेवटची खुर्ची थांबली की चौकात ती वही उघडायची. वाचायचं तू की मी, हे ठरवायला तुला अख्खा हंगाम आहे. हॉलंडच्या त्या दोघी आता मोठ्या झाल्या आहेत. त्या दिवशी या म्हणून मी त्यांना लिहिलं, आणि त्यांनी येतो म्हणून कळवलंय. जोडीदार कोण, ते तू ओळखलं असशीलच. परवा त्याने नवे बूट घेतले. "सही करताना हात थरथरेल गं," म्हणाला. मी म्हटलं, थरथरू दे, तू आपला दाबून लिही. त्याला कॉफीत दोन चमचे साखर लागते. पहिल्या सकाळी विचारत बसू नकोस.

एके काळी तुझी, आता फक्त कासिअनची बहीण,
बुर्गी