पादऱ्याकडची माती

२ फेब्रुवारी १९९६
सासऱ्यांनी, आबांनी, जमीन ठेवली तीही पडीक. पादरा गावाच्या पुढे दोन विघे, म्हणजे एकरभर. नुसत्या बाभळी आणि लोकांच्या शेळ्या. वीस वर्षांत एक पैसा नाही. आता मीच तिला कामाला लावणार. श्री गजानन प्रसन्न. मुलाने, आनंदने, त्याच्या रिफायनरीची डायरी दिली, म्हणून लिहिते.

१० फेब्रुवारी
वीटभट्टीवाला कनुभाई आला. नांगर नको, बी नको, पाणी नको. म्हणाला, बा, जमीन तमारीज, अमे तो माटीज लई जईशुं. म्हणजे जमीन माझीच, तो नुसती माती नेणार. इतकं सोपं होतं तर सासरे जन्मभर काय करत बसले? अर्धी जमीन नणंदेची, पद्माची. विचारलं असतं तर दहा शंका काढल्या असत्या. तिचा त्रास वाचवला. आनंदने बोट ठेवलं तिथे सही केली.

३० मे
बघून आले. माती म्हणजे किती, ते विचारायचं राहिलं. पुरुषभर खड्डा. कनुभाई म्हणतो, पावसात भरून येईल. मला वाटलं, मातीने.

१८ ऑगस्ट
पाण्याने भरला. म्हशी बसतात. मासे सोडायचा विचार आहे. पद्माला सांगणारच. गौरी जाऊ देत.

११ ऑक्टोबर
मांजलपुराहून पद्माचा फोन. वहिनी, परवा घट बसायचे, आबांच्या शेतातली माती आणताय ना? दर वर्षी मीच नेऊन देते. फेब्रुवारीत आठवलं नाही. आज सांगणार होते. तोंडातून निघालं, आणते की.

१२ ऑक्टोबर
कनुभाईकडे माती मागितली. त्याने दोन विटा दिल्या. बा, आ तमारीज माटी. मेल्याला हसायला येतं. येताना नर्सरीतून गुलाबाची माती घेतली, पिशवी बदलली आणि पद्माला दिली. तिने कपाळाला लावली. जेवण गेलं नाही. वांगी बाधली असणार. विटा फेकवेनात. पलंगाखाली ठेवल्या.

१९ ऑक्टोबर
देवाने निदान गहू तरी उगवू द्यायचे नव्हते. वीतभर आलेत. पद्मा फोनवर रडली. वहिनी, एवढे कधीच आले नव्हते, आबा अजून शेतात आहेत हो! परवा दसऱ्याला जीप ठरवलीय. सगळ्यांनी जाऊन शेताच्या पाया पडायचं. आठला मला घ्यायला येणार.
मी सात वाजता न्हाणीत जाणार. बेल वाजली की दार आनंदने उघडायचं. बोट त्याने ठेवलं होतं, उत्तरही त्यानेच द्यायचं.