सातवा माणूस

प्रिय धाकट्या,

‘प्रिय’ हे रीत म्हणून लिहिले आहे. त्याचा वेगळा अर्थ काढू नकोस.

काल प्रार्थनाघरात तू माझ्या मुलाला दंडाला धरून रांगेबाहेर काढलेस. वर सर्वांदेखत म्हणालास, “दादा, ह्याचे ओठसुद्धा हलत नाहीत. वेड्याला मध्ये उभं करून आमची प्रार्थना का बाटवतोस?” तिथे आवाज चढवू नये, हे वडिलांनी आपल्या दोघांनाही शिकवले होते. लक्षात एकाच्याच राहिले.

आता ऐक. आजार खरा होता, ते मी नाकारत नाही. त्याची झोप गेली, जेवण सुटले, तो मरणाच्या गोष्टी करू लागला. मनोरुग्णालयाने त्याला वाचवले. परंतु त्या वॉर्डात आपल्या धर्माचे दुसरे कोणी नव्हते. भिंतीकडे तोंड करून तो ओठांतल्या ओठांत प्रार्थना म्हणे, जशी आपण सर्वच म्हणतो. डॉक्टरांनी ती कधी पाहिलेली नव्हती. त्यांना वाटले, हा भिंतीशी बोलतो. त्याने समजावून सांगितले, तर आजार बळावला असे ठरले. घरी आल्यावर तो मला म्हणाला, “बाबा, ओठ हलले की गोळी वाढायची.” म्हणून त्याने ओठ मिटले. ते अजून उघडत नाहीत.

मी सांगितले, ते डॉक्टरांनी बापाची माया म्हणून सोडून दिले. तू प्रार्थनाघराचा प्रमुख. रुग्णालयात जाऊन दोन वाक्ये बोलला असतास, तर हे टळले असते. पण तू एकदाही फिरकला नाहीस. का, तर बाहेरचे म्हणतील, ह्या लोकांत सगळेच असले! आज तो चष्म्याच्या दुकानात पुन्हा भिंगे बसवतो. अख्ख्या बाजाराला तो चालतो, सख्ख्या काकाला चालत नाही.

सात पुरुष उभे राहिल्याशिवाय आपली प्रार्थना सुरू होत नाही, आणि ह्या गावात आपण आहोत आठ. त्याला वगळून नेमके सात उरतात, असा तुझा हिशेब. त्या सातांत तू मला धरलेस. मी येणार नाही, हे कळवण्यासाठीच हे पत्र. सातवा माणूस हवा असेल, तर घरी ये, आणि माझ्याशी नव्हे, त्याच्याशी बोल. तो हो म्हणाला, तर आम्ही दोघेही येऊ. त्याचे ओठ हलणार नाहीत. प्रार्थनेच्या वेळी डोळे मिटायचे असतात; तू तेवढे मिटून घे.

तुझाच, जन्माने असल्यामुळे इलाज नसलेला,
थोरला भाऊ