तांब्यावरची चकती

हुडकेश्वर, नागपूर
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय सुमती,

सप्रेम नमस्कार.

शाळेच्या मागच्या नळाजवळ, चिंचेखाली बसून आपण डबे बदलायचो, आठवतं का? माझ्या डब्यात ब्रेडचे दोन तुकडे आणि त्यांना लावलेली साय-साखर. तुझ्या डब्यात ज्वारीची भाकर आणि जवसाची चटणी. ब्रेड मला आवडत नव्हता. इतर मुलींना दिसावा म्हणून आई तो द्यायची. तू तो दोन घासांत संपवायचीस आणि मी भाकरीचा पापुद्रा सोलत बसायचे. बोलणं जवळजवळ नाहीच. बोलायचं तर इंग्रजीत, आणि जेवताना इंग्रजीत काय बोलतात ते दोघींनाही ठाऊक नव्हतं. एकदा तू बराच वेळ विचार करून म्हणालीस, "द चटणी इज व्हेरी हॉट." आपल्याला हसून हसून ठसका लागला होता.

मी मधुवंती. सातवी ब, दुसरा बाक, खिडकीकडची. गोळीबार चौकातल्या विणकराची पोर. बावन्न वर्षांनी पत्र लिहिते आहे, म्हणून ओळख दिली. हे पत्र तुझ्या नातीच्या शाळेतले धम्मदीप सर तुला आणून देतील. तुझा फोन नंबरही त्यांनी दिला होता. पण फोनवर तू गप्प राहिलीस, तर ते गप्प राहणं कशाचं हे मला कळलं नसतं.

माझं बरं चाललंय. यजमान जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा पुण्याला असतो, रविवारी व्हिडिओ कॉल करतो आणि माझ्या कपाळाचाच भाग बघतो, कारण मला फोन सरळ धरता येत नाही. मी तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर आठवड्यातून तीन दिवस म्युझियममध्ये जाते, शाळांच्या सहली येतात त्यांच्यासाठी. हो, तेच म्युझियम.

आता तिथे 'हात लावू नका' असं लिहिलेलं नाही. आमच्या दालनात उलटंच आहे. एका लांब टेबलावर काळी खोकी मांडलेली असतात, प्रत्येकाला एक भोक आणि त्यावर कापडाची बाही. मुलांनी आत हात घालायचा आणि न बघता ओळखायचं. सापाची कात, साळिंदराचा काटा, वारुळाचा तुकडा, शिंपला. किंचाळ्या इतक्या येतात की पहारेकरी कानात कापूस घालून बसतो. शहरातल्या शाळांची मुलं बोटाची टोकं आत घालतात आणि आधी विचारतात, "मॅम, चावणार नाही ना?" खेड्यातली कोपरापर्यंत हात घालतात.

गुरुवारी कुहीहून एसटीच्या खास गाडीनं चाळीस मुलं आली. त्यात एक दोन वेण्यांची, लाल फितींची. तिनं पाचव्या खोक्यात हात घातला, डोळे मिटले आणि जोरात म्हणाली, "मॅडम, हे शेण व्हय!"

सगळं दालन हसलं. मागून एक पोरगा ओरडला, "प्रियदर्शनीले शेणच सापडते गा!" धम्मदीप सर धावत आले. "काय बोलतेस वं? मॅडमले सॉरी म्हण."

"सॉरी कशाला?" मी म्हटलं. "बरोबर आहे तिचं. वरोऱ्याकडे सापडलेलं डायनोसॉरचं शेण. कोट्यवधी वर्षांत त्याचा दगड झालाय." हसणाऱ्या पोरांना आता तो दगड हातात घ्यायचा होता, आणि तुझी नात तो सोडायला तयार नव्हती.

"कसं ओळखलंस?" मी विचारलं.

"आजीनं सांगतलं होतं. म्हणे, तिथं शेणाचा दगड हाय. आधी कोणाले सांगू नको, पण तिथं गेल्यावर जोरात बोलजो."

तिला घेऊन मी बाकावर बसले. आजी कोण, विचारलं. "सुमती," ती म्हणाली. "अंगणवाडीची बाई होती. लहानपणी नागपूरले कॉन्व्हेंटात होती."

आणि माझ्या तोंडून निघालं, "मंग शाळा काहून सोडली तिनं?"

काहून. तीस वर्षं वर्गात शिकवलं, पण हा शब्द चारचौघांत माझ्या तोंडी आला नव्हता. घराबाहेर आमच्या घरची बोली मी तोवर फक्त एकदाच बोलले होते. ते पुढे लिहिते. लिहायचंच आहे.

ती चकती तुला सांगायला नको, तरी लिहून काढते. तळहाताएवढी, गोल, लाकडाची, भोकात सुतळी ओवलेली, आणि तिच्यावर पांढऱ्या रंगात 'आय स्पोक व्हर्नाक्युलर'. जी मुलगी मराठीत किंवा हिंदीत बोलताना सापडेल तिच्याकडे ती जायची. मग त्या मुलीनं दुसरी कोणी बोलताना पकडायची आणि चकती तिच्याकडे सरकवायची. शुक्रवारी शाळा सुटताना जिच्याकडे राहील, ती शनिवारच्या असेंब्लीत गळ्यात घालून उभी. आपण सगळ्या एकमेकींवर पाळत ठेवायचो आणि त्याला शिस्त म्हणायचो.

तो शुक्रवार होता. सहलीला गेलो होतो. म्युझियममधल्या गृहस्थांनी कपाटातून एक दगड काढून रुमालावर ठेवला आणि विचारलं, "व्हॉट इज धिस, गर्ल्स?" कुणी पोटॅटो म्हणालं, कुणी शंख, कुणी अंडं. आपण दोघी मागे उभ्या होतो. तू म्हणालीस, "हे तं शेण व्हय." सगळ्या हसल्या. सिस्टर वळल्या आणि चकती तुझ्याकडे आली. त्या महिन्यातली तुझी तिसरी वेळ. बसमध्ये शिरेपर्यंत तुझं नाव 'मिस गोबर' झालं होतं. ते गृहस्थ बिचारे "शी इज राइट, सिस्टर, शी इज राइट" म्हणत मागे धावत होते. कुणी ऐकलं नाही.

शनिवारी तू उभी राहिलीस. सोमवारी तुझे बाबा रेल्वेच्या खाकी गणवेशात ऑफिसबाहेर उभे होते. मी त्यांना नेहमी "नमस्ते अंकल" म्हणायची आणि ते हसून जयभीम म्हणायचे. त्या दिवशी मी खांबाआड गेले. सिस्टर इंग्रजीत बोलत होत्या आणि ते प्रत्येक वाक्याला "येस सिस्टर" म्हणत होते. बाहेर आल्यावर तुला एवढंच म्हणाले, "चाल बाई. मान खाली घालाले नाही पाठवलं तुले." तू कुहीला आजोबांकडे गेलीस. चकती तुझ्या दप्तरातच गेली आणि शाळेला दुसरी बनवून घ्यावी लागली.

वर मी लिहिलंय, चकती तुझ्याकडे आली. अशी आपोआप ती आली नव्हती. ती माझ्या खिशात होती. सकाळी बसमध्ये चढताना माझा पाय मुरगळला आणि मी "आई गं" म्हणाले. तेवढं पुरलं. म्युझियममध्ये ती मीच तुझ्या हातात ठेवली.

मला वाटायचं, तू मला विसरली असशील किंवा शिव्या घालत असशील. तुझ्या नातीनं मला चकतीची सगळी गोष्ट सांगितली, तेव्हा विचारलं, "मग त्या चकतीचं काय झालं?"

"आजी तांब्यावर झाकण म्हणून ठेवते ना! बरोब्बर बसते. तिच्या मैत्रिणीनं देली होती, मधूनं."

म्हणजे तू माझं नावसुद्धा ठेवलं होतंस.

"आजी रागावते का मधूवर?"

ती वेणीचं टोक चावत विचार करत राहिली. परीक्षेत मी मुलांना इतका वेळ कधी दिला नव्हता. मग म्हणाली, "नाही. आजी म्हणते, मधू लय भेकड होती बिचारी."

मी हसले, सुमती. इतकी मोठ्यानं हसले की पहारेकऱ्यानं कानातला कापूस काढला. बावन्न वर्षं मी स्वतःला दुष्ट समजत आले. आणि तू मला नुसती भेकड म्हणून मोकळी झालीस! त्या दिवशी घरी येऊन मी दुपारी तीन तास झोपले. औषधाशिवाय.

पत्र इथे संपवता आलं असतं. कालपर्यंत तसाच विचार होता. पण तू मला हलकं केलंस ते तुला माहीत असलेल्या गोष्टीवरून, आणि एक गोष्ट तुला माहीत नाही.

त्या शनिवारी बक्षीस समारंभ होता. माझे आई-बाबा पहिल्यांदाच शाळेत येणार होते. बाबांनी आईसाठी स्वतःच्या मागावर पातळ विणलं होतं, हिरव्या काठाचं. मी गळ्यात चकती घालून उभी असताना ते मला बघणार, हे मला सहन होईना. दुपार झाली तरी कुणी मराठी बोलेना. त्या दिवशी सगळ्याच सावध होत्या. तूही होतीस. तू आपणहून काही बोलली नव्हतीस.

मी तुझ्या कानाशी आले आणि विचारलं, "काय व्हय वं हे?"

शाळेत मी घरची बोली बोलले ते तेवढ्याच वेळी. तुझ्याकडे मान वळवलेली होती, म्हणून तुझा चेहरा मला दिसला. तुला इतका आनंद झाला, सुमती. आपली भाषा एक आहे, हे तुला त्या क्षणी कळलं. तू लगेच उत्तर दिलंस, अगदी खुशीत, आणि मी तुझा हात धरून त्यात चकती ठेवली. पहिल्यांदा तुला वाटलं, मी नुसता हात धरला.

मला उत्तर नको होतं. मी तुला मुद्दाम बोलतं केलं.

हे वाचून तुला राग आला तर तो योग्यच आहे. पण तो तू पूर्ण माहितीवर करावास, एवढं मला वाटलं.

धम्मदीप सरांबरोबर एक खोकं पाठवते आहे. कुणाला काय, ते नीट बघून दे. भिंग प्रियदर्शनीचं. माझं कॉलेजातलं आहे, दांडा थोडा हलतो. हिरव्या कापडातली पुडी शाळेला. तिच्यात झाडाच्या साली, शंख-शिंपले आणि त्या दगडाचा प्लास्टरचा नमुना आहे. पोरांना हातात घेऊ दे, फुटला तर दुसरा करून देईन. जवस तुझ्यासाठी. चटणी तुझ्याच हातची हवी, मी वाट बघेन.

आणि तळाशी कागदात गुंडाळलेलं पितळेचं झाकण आहे. प्रियदर्शनीनं बोटांनी दाखवलेल्या मापावरून इतवारीतून घेतलं. ते तुझ्या तांब्यावर ठेव.

चकती मला परत पाठव. त्या शुक्रवारी ती घरी मीच न्यायची होती.

तुझी भेकड,
मधू