दोन मुठींचं गिरमिट

कुक, मिनेसोटा
२ डिसेंबर १९७४

प्रिय सिल्वीताईस,
ओन्नीचा कुडकुडता सा. न. वि. वि.

तळं गोठलं आहे. किनाऱ्यालगत वीतभर जाड बर्फ झाला, आणि मासेमारीसाठी बर्फात भोकं पाडायचं आपलं इंजिनाचं गिरमिट नेमकं हंगामाच्या पहिल्याच भोकात बंद पडलं. आतली दातेरी चाकं झिजली होती. बाबा म्हणाले, इतकी वर्षं गिरणीत राबलं असतं तर त्याला पेन्शन तरी मिळाली असती.

नवं निवडायचं काम माझ्यावर टाकलं आहे. काय निवडायचं तेही बाबांनीच सांगून ठेवलं आहे: पुन्हा तसंच, दोघांनी समोरासमोर उभं राहून धरायचं. तरी मी सगळी यंत्रं नीट पाहिली. दुकानदार कालेर्वोकाका म्हणतात, वॉलाय माशाला आठ इंची भोक पुरे, मोठ्या पाइक माशाला दहा इंची हवं. पण रुंदी वाढली की वजन वाढतं, आणि पातं बर्फात अडकलं की यंत्रच उलट धरणाऱ्याला फिरवतं. एकट्याने धरायचं एक हलकं, सात इंचीही आलं आहे. ते मी उचलून पाहिलं. पुन्हा पाहिलं. कालेर्वोकाकांनी विचारलं, विकत घ्यायचंय की पाळण्यात घालायचंय.

बाबांचा उजवा खांदा गिरणीत कसा गेला ते तुला ठाऊक आहे. दोन मुठी म्हणजे दोन माणसं, आणि या घरात माणसं दोनच.

बर्फावरच्या मासेमारीच्या खोपीवर मालकाचं नाव लागतंच, म्हणून यंदाही मी रंगवलं: ‘ताउनो हाविस्तो आणि मुलगा’. शेजाऱ्यांच्या खोप्यांवरची नावंही मीच काढली. एकाही नावात चूक नाही.

तू सुचवलेल्या, डुलुथच्या पाट्या रंगवणाऱ्या दुकानाचं उत्तर आलं. नोकरीची जागा नव्या वर्षापर्यंत राखून ठेवतो म्हणतात. बाबांना सांगितलेलं नाही. गिरमिटाबद्दल तुझं मत मात्र लगेच कळव.

लोभ आहेच, तो गोठू देऊ नकोस.
तुझा
ओन्नी


डुलुथ
७ डिसेंबर

चि. ओन्नीस,
अनेक आशीर्वाद आणि एक टपली.

पत्रभर गिरमिट आणि नोकरीला दोन ओळी! तुझे भावोजी म्हणाले, याला बायको निवडायला सांगू नका, वंश बुडेल. तू ठरवेपर्यंत तळं वितळून लोक होड्या काढतील.

हलकं घे. सात इंचांतूनही पोटापुरता मासा वर येतो. बाबांना एकट्याला भोक पाडता आलं नाही तर काय, याची तुला भीती वाटते हे मला कळतं. पण आलं तर काय, याची त्याहून जास्त वाटते ना? खरं लिही.

दुकानाचा मालक भला माणूस आहे. तुझं अक्षर पाहून म्हणाला, हा मुलगा पट्टी लावून जन्मला की काय. त्याला मी काय सांगू?

कॉफीबरोबर खायला पुल्ल्याचा गोड पाव पाठवते आहे. बाबांना अर्धा दे, सगळा नको, त्यांची साखर वाढते.

तुझ्यावर चिडलेली, म्हणून जास्तच तुझी
सिल्वी


कुक
१५ डिसेंबर

प्रिय ताईस,
सा. न. वि. वि. पुल्ला पोचला. बाबांनी अर्ध्याहून जास्त खाल्ला.

मी हलक्या यंत्राचंच नाव घ्यायचं ठरवून गेलो होतो. तेवढ्यात बाबा ट्रकमधून उतरून आत आले आणि डाव्या हाताने टोपी काढू लागले. ती त्यांना नीट काढता येईना. मी दोन मुठींचं मागितलं.

यंत्र चांगलं आहे. पाय फाकून उभं राहायचं, वरून रेटायचं नाही, पात्यांना त्यांचं काम करू द्यायचं. पाणी लागलं की चालू यंत्रच वर ओढायचं, म्हणजे बर्फाचा लगदा बाहेर येतो. पाती ओली असताना बर्फावर टेकवायची नाहीत, चिकटतात. हे सगळं मला पाठ आहे, तरी परवा चूक माझ्याच हातून झाली.

भोक अर्ध्यावर होतं, अडकलेल्या लगद्यात पाती ओली होती. बाबांनी इंजिनाच्या आवाजावर ओरडून विचारलं, डुलुथचं पाकीट आलं की तुझा चेहरा का उतरतो. माझ्या हातून इंजिनाचा खटका सुटला. यंत्र आतच थांबलं, आणि त्या थंडीत बघता बघता आवळलं गेलं. ना वर येईना, ना खाली जाईना. मी पहारीने कडा फोडत होतो, बाबा डाव्या हाताने मूठ धरून उभे होते. फोडता फोडता मी त्यांना सगळं सांगून टाकलं.

बाबा एवढंच म्हणाले, की अर्ध्यात थांबायचं नसतं, थांबलं की असंच होतं.

मला कळलं ताई. इथलं हातात घेतलेलं अर्ध्यावर सोडायचं नाही. त्या दुकानाला माझा नकार कळव. भीतीबद्दलच्या तुझ्या प्रश्नाचं उत्तर लिहीत नाही, तुला ते माहीत आहे. आता बर्फाखाली श्वास रोखून धरल्यासारखं वाटतं, पण सवय होईल.

राग धरू नये ही विनंती.
ओन्नी


कुक
२२ डिसेंबर

चि. सिल्वीस आशीर्वाद.

डाव्या हाताने लिहितो आहे. चुका काढायच्या तर भावाला दाखव.

मी त्याला म्हटलं अर्ध्यात थांबू नको, तर हा शहाणा इथेच थांबायला निघाला. एवढं अक्षर चांगलं, पण बापाचं वाक्य वाचता येत नाही. दुकानाला नकार कळवला असशील तर पत्र मिळताच जाऊन हो सांग.

मोठं यंत्र परत दिलं. पहारीने त्याचं पातं तुटलं होतं. कालेर्वो म्हणाला, ताउनो, वापरलंस की मारलंस. घासाघीस करून हलकं आणलं. काल एकट्याने भोक पाडलं. वाकडं पडलं. खांदा दुखला, पण तो माझा खांदा आहे. मासा वाकड्या भोकातूनही येतो.

ओन्नी गुरुवारच्या बसने निघेल. त्याला भरपूर जेवू घाल, आणि बर्फ जाईपर्यंत परत पाठवू नको. आला तर मला पुन्हा दोन मुठींचं घ्यावंसं वाटेल.

आज त्याला खोपीवरचं नाव बदलायला लावलं. ‘आणि मुलगा’ त्याने खरवडून काढलं, पट्टी लावून, नीट. जागा मोकळी दिसते. असू दे. राहिलेली अक्षरं त्याचीच आहेत.

तुझा बाप
ताउनो