चौदा नंबरची अंगठी आणि इतर मालमत्ता

मी, खाली सही करणारी, वय वर्षे सदुसष्ट, अंगठ्यांच्या दुकानात चाळीस वर्षे बोटांची मापे घेतलेली, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि राजीखुशीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण त्यांची सही लागत नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर, म्हणजे दोन खोल्या आणि गच्ची, तसेच बँकेत असेल ते, माझ्या एकुलत्या लेकीला द्यावे. स्वयंपाकघराची खिडकी खालून धक्का दिल्याशिवाय उघडत नाही. लेकीला ठाऊक आहे. भाडेकरू ठेवला तर त्याला सांगावे.

२. मापाच्या कड्यांचा जुडगा आणि निमुळती लाकडी सळई हीसुद्धा लेकीची, कारण आता काउंटरवर तीच बसते. सोबत माझ्या वडिलांचे नियम. बोट सकाळी मोजू नये, दुपारी मोजावे. हात गार असेल तर आधी चोळून गरम करावा. कडी पेरावरून जाताना थोडी अडावी, निघताना जास्त अडावी. पट्टी रुंद असेल तर अर्धा नंबर वाढवावा. एकदा मोजून थांबू नये, तीनदा मोजावे. आणि बोट समोर नसताना अंगठीला हात लावू नये.

लेक म्हणते, "आई, हल्ली लोक मोबाइलवर बोट ठेवून माप काढतात." काढू देत. अंगठी अडकली की आपल्याकडेच येतात.

३. माझी लग्नाची अंगठी माझ्या बोटातच राहू द्यावी. ती यांनी मला न विचारता दुसऱ्या दुकानात करून घेतली होती. "बसच्या दांडीवर आपले हात शेजारी होते, माझी करंगळी आणि तुझं बोट सारखंच दिसलं," असे म्हणाले. अंगठी दोन नंबर मोठी निघाली. दुकानात दहा मिनिटांचे काम होते. पण "बसली ना बरोबर?" असे यांनी इतक्या आनंदाने विचारले, की मी "अगदी!" म्हणून गेले. मग वर्षानुवर्षे आतून दोरा गुंडाळून वापरली. यांना शेवटपर्यंत कळले नाही, किंवा कळूनही बोलले नाहीत. आता पेरे सुजली आहेत आणि दोरा लागत नाही. ती निघणार नाही. कृपया कापू नये.

४. आता धाकट्या बहिणीबद्दल.

काउंटरच्या डाव्या खणात निळ्या डबीत एक अंगठी आहे. चौदा नंबर, रुंद पट्टी. ती धाकटीच्या साखरपुड्याची. त्या बोटाचे माप मी घेतले होते: सकाळी, तिने गार पाण्यात कपडे पिळल्यावर, आणि एकदाच, कारण मला दुकान उघडायची घाई होती. पट्टीसाठी अर्धा नंबर वाढवायचेही विसरले.

साखरपुडा भर दुपारी, उकाड्यात, भरल्या हॉलमध्ये. अंगठी पेराशी अडली. नवऱ्यामुलाने रेटली, कोणीतरी साबण आणला, आणि मागून एक बाई म्हणाल्या, "सुरुवातच अडली म्हणायची!" लोक हसले. धाकटी रडली नाही. आत येऊन मला म्हणाली, "स्वतःची दोरा गुंडाळून मिरवतेस आणि माझी अडकवतेस? आणि म्हणे मापवाली! तुला हे स्थळ नकोच होतं, ताई. मुद्दाम केलंस."

स्थळ मला नको होते, हे खरे. मुद्दाम केले, हे खोटे. पण मी तेव्हा म्हणाले, "तुझंच बोट सुजलंय, त्याला मी काय करू?" कॉन्व्हेंटमध्ये आमच्या मदर सांगत, चूक कबूल करायची तर पूर्ण वाक्यात करावी. सव्वीस वर्षांनी करते: धाकटे, माप मी चुकवले, आणि दोष तुझ्या बोटाला दिला. तुझा नवरा चांगला निघाला. त्याचेही माप मी चुकीचेच घेतले होते.

अंगठी मोठी करायला तिने पाठवली आणि न्यायला आली नाही. लग्नात दुसरी घातली. मी ती मोठी केलेली नाही. लेक म्हणते, "अंदाजाने वाढवून पाठवून दे ना मावशीला." नाही. बोट समोर हवे.

म्हणून ही अंगठी धाकटीला द्यावी, पण टपालाने नव्हे. तिला दुपारी दुकानात बोलवावे, आधी चहा द्यावा, लेकीने तिचा हात दोन्ही हातांत धरून गरम करावा, आणि तीनदा मोजावे. अंगठी तिच्यादेखत वाढवावी.

या कलमाची एक प्रत मी आजच तिला धाडत आहे. माझ्या हयातीत ती आली तर माप मी घेईन, आणि हे कलम रद्द समजावे. सबंध मृत्युपत्रात रद्द व्हावे असे मला वाटते ते एवढेच.

वरील मजकूर मी स्वतः वाचून, समजून सही करत आहे.

सही: (मापवाली)

साक्षीदार:
१. शेजारचे दातांचे डॉक्टर. (सही)
२. समोरच्या चष्म्याच्या दुकानातल्या बाई. (सही) टपालपेटी यांच्या वाटेवर असल्याने धाकटीचे पाकीट यांच्याच हाती दिले आहे.

ठिकाण: दुकानामागची खोली
दिनांक: नऊ नोव्हेंबर, दुपारी साडेतीन. हात गरम.