रिकामे ट्रे आणि सेक्रेटरी

गुरुवार, १४ मार्च १९९६, दुपारी चार वाजून दहा मिनिटे.

अंधशाळेच्या मुलींसाठी मी कॅसेटवर धडा रेकॉर्ड करत होते, तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी कांतिभाई बेल न वाजवता आत आले. भिंतींवर अंड्यांचे ट्रे पाहून ओरडलेच, "बेन, आ सोसायटीमां ईंडां नहीं चाले!"

ट्रे रिकामे आहेत. खोली घुमते, मुलींना शब्द कळत नाहीत, म्हणून भेस्तानच्या अंडीवाल्याकडून मागून आणले. पेन्शनीत फोम कुठला परवडायला?

"एक अंडं शोधून दाखवा, ऑम्लेट करून वाढते," मी म्हणाले.

"रविवारी वॉचमन सगळं उखडून टाकेल."

"रविवारी सोसायटीची मीटिंग आहेच, आधी तिथे विचारा."

"मीटिंग कशाला, बेन? मेंबर लोक मी सांगेन तिथे सही करतात!"

रिकाम्या ट्रेंवरून एवढा तमाशा. मी चिडले आहे का? फारशी नाही. टेप बंद करायचा राहिला होता. आत्ता ऐकला. कांतिभाईंचा शब्द न् शब्द स्वच्छ, जरासुद्धा घुमत नाही. ट्रेंनी काम चोख केलंय.

उद्या सकाळी त्यांना चिठ्ठी देणार: ट्रे राहतील असं शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत लेखी कळवा, नाहीतर रविवारच्या मीटिंगमध्ये सगळ्या मेंबरांना ही कॅसेट ऐकवीन.